बजामावशीच्या तोंडचं नाव

मोबाईलवर गिऱ्हाइकाचं नाव येतं. दिपक, राजश्री, सतीश, जे असेल ते. दुसरा रिक्षावाला असता तर मान बाहेर काढून म्हणाला असता, "दिपकसाहेब का? बसा." मी फक्त म्हणतो, "ओटीपी सांगा." नाव मला वाचता येतं, चांगला दहावी पास आहे. पण ते माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि गिऱ्हाइकाचं लक्ष माझ्या कानांकडे गेलं, की ते उतरून जाणार, वर तक्रार करणार. मग चार लोक गोळा होऊन मला विचारणार, की काय रे, लई मस्ती आली काय.

कारण मी यक्ष आहे. यक्ष हे आमचं आम्ही सांगतो ते नाव. सरकारी कागदावर आम्ही 'दीर्घायू' आणि बोलताना कानवले. आमच्या कानांची टोकं वर निमुळती असतात, दिवाळीतल्या कानवल्यासारखी, म्हणून तो शब्द. एवढ्या गोड पदार्थाची शिवी करायला डोकं लागतं. आम्ही तीनशे, सव्वातीनशे वर्षं जगतो. माझं वय एकसष्ट, म्हणजे आमच्या हिशोबाने आत्ता कुठे मिसरूड फुटलंय. ट्रॅफिकचा हवालदार एकदा लायसन बघतो, एकदा माझा चेहरा बघतो, मग माझा मफलर बाजूला करायला लावतो आणि म्हणतो, "असं होय." मफलर बारा महिने बांधावाच लागतो. सोलापूरच्या मे महिन्यात डोक्याला मफलर गुंडाळून हिंडणारा माणूस दिसला, तर तो माणूस नव्हे, एवढं ओळखावं.

माणसांचं म्हणणं असं, की आम्ही इतकं जगतो ते त्यांच्या जिवावर. कानवल्याने माणसाचं नाव घेतलं, की त्या माणसाचं आयुष्य तेवढं घटतं आणि कानवल्याला चिकटतं. हे कोणी ठरवलं ते कोणालाच ठाऊक नाही, पाळतात मात्र सगळे. माणसांचे आपापसांत सतराशे साठ भेद आहेत. त्या भेदांपायी ते एकमेकांची डोकी फोडतात, पण आमचा विषय निघाला की बहुतेकांचं लगेच एकमत होतं. आमच्यातली एक मुलगी शिकून मास्तरीण झाली, ती हजेरी नंबराने घेते. घरकामाला जाणाऱ्या बायका मालक, थोरलं, मधलं, धाकटं, असं म्हणत आयुष्य काढतात. आणि आमचं आयुष्य म्हणजे काही थोडंथोडकं नव्हे.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझी मावशी, बजाबाई. तिला मी बजामावशी म्हणतो. वय पावणेदोनशेच्या आसपास, पण बघणारा म्हणेल पन्नाशीची असेल. अंगाने किरकोळ, चालायला चपळ, आणि पदर कानांवरून असा आवळून घेतलेला की वारा सुटला तरी हलत नाही. कुंभारीच्या रस्त्याला आमची वस्ती आहे, तिथे माझ्या खोलीला लागून तिची खोली. रोज सकाळी मी तिला रिक्षातून जुळे सोलापुरात तिच्या मालकाच्या बंगल्यावर सोडायचो आणि संध्याकाळी आणायचो. त्या एकाच घरातली तिने वाढवलेली ही तिसरी पिढी होती.

त्या घराशी तिची गाठ कशी पडली ते सांगतो. भीमेच्या काठी, उजनी धरणाच्या आधीच्या काळात, एका गावाच्या शिवाराबाहेर आमची पालं होती. गावातल्या बड्या शेतकऱ्याची सून पहिल्याच बाळंतपणात गेली. मूल जगलं, पण वरचं दूध त्याला पचेना. तेव्हा मावशी नुकतीच बाळंत झाली होती, मुलगी झालेली. मुलाचा आजोबा स्वतः आमच्या पालांपर्यंत आला. लांब उभा राहून म्हणाला, "आमच्या लेकराला पाज." मावशी गेली. आमच्या दुधाने माणसाचं आयुष्य वाढतं, असंही माणसं म्हणतात. म्हणजे दूध चालतं, नाव चालत नाही. मावशीची स्वतःची मुलगी शेरडाच्या दुधावर ठेवली होती. ती तो पावसाळा संपायच्या आत गेली.

त्या मुलाचं बारसं झालं आणि त्याचं नाव मानसिंग ठेवलं. पाळण्याची दोरी मावशीच्याच हातात होती, पण नाव कानात सांगायच्या वेळी तिला बाहेर जायला सांगितलं.

तिने त्याला वाढवलं. आरं बाळा, आरं राजा, आरं वानरा, अशा हाका मारून वाढवलं. मिसरूड फुटल्यावर तो मालक झाला. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं. गावकऱ्यांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या. आम्हाला सांगितलं, "तुम्हाला कसली घाई? तुमच्याकडे वेळ आहे." ते खरंच आहे म्हणा. आम्ही अजून वाट बघतोय. मानसिंगरावांनी धरणाच्या फुगवट्याला केळी लावली, ऊस लावला, पाण्यावर मोटारी बसवल्या आणि शहरात बंगला बांधला. मावशीने त्यांचा मुलगा आदिनाथ वाढवला, त्याची मुलं वाढवली. त्या घरातलं शेंबडं पोरही तिला 'बजे' अशी हाक मारायचं. आमचं नाव कोणीही घ्यावं, कसंही घ्यावं. आमचं आयुष्य घटलं तरी उरतंच, हा त्यांचा हिशोब.

आता मावशीचा या गोष्टीवर विश्वास होता का? मी तिला पुष्कळदा छेडायचो. म्हणायचो, "मावशे, मी गेल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराचं नाव खोलीत बसून शंभरदा घेतलं. एक तरी मेला का?" ती हसायची, पण पुरती हसायची नाही. तिच्या नवऱ्याचं, हणमंतकाकाचं, काय झालं ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं. उसात तोडणी चालली होती. मानसिंगरावांच्या वडिलांच्या पायाशी नाग निघाला. 'मालक' म्हणून ओरडावं तर फडात तिघे-चौघे मालक उभे. काका नाव घेऊन ओरडला. ते उडी मारून बाजूला झाले आणि वाचले. पण त्याच थंडीत ते तापाने गेले. साप चुकला पण नाव लागलं, असं गावाने ठरवलं. काकाला इतकं मारलं की तो पुढे उभा राहून काम करू शकला नाही, आणि मग फार दिवस राहिलाही नाही. त्यामुळे नावाचा विषय निघाला की मावशी म्हणायची, "खोटं आसंल रं. पन खरं आसलं म्हंजी?"



तर शहात्तराव्या वर्षी मानसिंगराव विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग सुनेचं नाव, मग मुलाचं. आणि शेवटी स्वतःचंच नाव विसरले. खुर्चीत बसून दिवसभर विचारायचे, "माजं नाव काय?" आदिनाथराव सांगायचे, "दादा, तुमचं नाव मानसिंग." त्यावर म्हातारा त्यांच्याकडे संशयाने बघायचा. "तू कोन? तुला कोनी सांगितलं?" सून वैजयंतीबाई कॉलेजात शिकवतात. त्यांनी मोठ्या अक्षरांत नाव लिहून भिंतीवर लावलं. म्हाताऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "ह्यो मानसिंग कोन? त्याला बलवा." हसू यायचं आणि लगेच विरायचं, कारण म्हातारा भ्यालेला असायचा. आपण कोण आहोत हे कळत नसलेल्या माणसाचे डोळे मी तेव्हा पहिल्यांदा जवळून बघितले. त्यांना उचलून न्हाणीत नेण्यासाठी घरच्यांनी मला ठेवलं होतं, म्हणून मी रोज त्या खोलीत असायचो.

ओळखायचे ते एकट्या मावशीला. त्याचं कारण साधं होतं. मुलगा टकला झाला होता, सावत्र भावंडं गेली होती, घर नवं होतं, गाव पाण्यात होतं. मावशीचा चेहरा तेवढा ते तीन वर्षांचे असताना होता तसाच होता. ती दारात दिसली की म्हातारा लहान मुलासारखा हात पुढे करायचा. "बजा, आलीस व्हय? कुटं गेलतीस?" तिच्या हातचं खायचे, तिच्या हातून औषध घ्यायचे. ती म्हणेल ती पूर्व दिशा.

आणि मग तिलाच विचारायचे. "बजा, ही समदी लोकं खोटं बोलत्यात. तू सांग. माजं नाव काय गं?"

जिचं म्हणणं ते खरं मानतील, अशी जगात एकटीच होती, आणि सगळ्या घरात नाव घ्यायची बंदी तेवढी तिलाच होती. ती मान खाली घालून त्यांचे पाय चेपत राहायची. "सांगते की. आदी चा घ्या." चहा होईपर्यंत ते प्रश्न विसरायचे, चहा संपला की परत विचारायचे. विचारताना तिच्या पदराचं टोक मुठीत धरायचे.

इंजेक्शन द्यायला बुद्धप्रिया नावाची नर्स यायची. तिने पहिल्याच दिवशी मावशीला सांगितलं, "मला ताई-बिई नको, नावाने हाक मारा. माझ्या आजीला गावात कोणी नावाने हाक मारत नव्हतं, जातीने मारायचे. मला हे असलं ऐकवत नाही." मावशी घाबरून तिच्या तोंडावर हातच ठेवायला गेली. म्हणाली, "पोरी, तुजं लगीन व्हायचंय आजून." जाताना त्या पोरीने वैजयंतीबाईंना सांगितलं, की ज्या माणसावर यांचा विश्वास आहे त्यानेच शांतपणे नाव सांगायला हवं, म्हणजे यांची घालमेल कमी होईल, दोन घास जास्त जातील.

वैजयंतीबाई म्हणाल्या, "माझा या असल्या गोष्टींवर बिलकूल विश्वास नाही हो. पण या वयात उगाच विषाची परीक्षा कशाला?" बाईंचा आवाज फार गोड आहे.

नर्सचं बोलणं मावशीच्या डोक्यात बसलं. नाव न घेता नाव कसं द्यावं, याचा तिने विचार केला, आणि एक दिवस मोठ्या हुशारीने म्हाताऱ्यासमोर बसली. आपल्या मानेला हात लावून म्हणाली, "ह्ये काय?"

"मान," म्हातारा म्हणाला.

मग तिने दोन बोटं डोक्यावर उभी धरली आणि बैलासारखी मुंडी हलवली. "आन ह्ये?"

म्हातारा खूश झाला. "शिंग!"

"आता दोनी जोडून म्हना."

"मान... शिंग. मानशिंग." म्हाताऱ्याने पुन्हा एकदा म्हणून बघितलं आणि खदखदून हसला. "येडी का खुळी? ह्ये तर बैलाचं नाव हाय!"

मीही हसलो. मावशीही हसली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दारात वैजयंतीबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बजाबाई, तुकडे केले तरी नाव ते नावच. पुन्हा नको हं." त्या खेळात मावशीने नावातलं एक अक्षर उच्चारलं नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर तिने मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्या दिवसानंतर म्हातारा दोन दिवस स्वतःला बैल म्हणवून घेत होता. आदिनाथरावांना ते फार लागलं. त्यांनी मावशीला चार शब्द सुनावले, आणि ती ऐकत उभी राहिली.

मग लग्नसराई आली. घरातले सगळे वळसंगला एका लग्नाला गेले, दुपारपर्यंत येतो म्हणून. घरात म्हातारा, मावशी आणि मी. आदल्या रात्रीपासून म्हाताऱ्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्या दिवशी ते नुसते विचारत नव्हते, रडत होते. खुर्चीच्या हाताला धरून उठायला बघत होते. "बजा, मी कोन हाय गं? मला कुनी हितं आनून बशिवलंय? माज्या घरी सोड मला." मावशीने दूध आणलं, ते सांडलं. तिने डोकं चोळलं, त्यांनी हात झटकला. "तुला ठावं हाय. तुला ठावं हाय आन तू सांगत न्हाईस. मी काय केलं गं तुजं?"

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस आईला विचारावं तसं विचारत होता, आणि मला मावशीकडे बघवेना. मी म्हणालो, "मावशे, सांगून टाक. कोण ऐकतंय?"

"ऐकन्याचं न्हाय रं," ती म्हणाली. "त्याला काय झालं म्हंजी?"

"आणि हे काय चाललंय ते बरं आहे का?"

तिने सांडलेलं दूध फडक्याने पुसलं. मग म्हणाली, "कुंडलिक, दार लाव."

मी दार लावलं. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. तिचे ओठ आधी नुसतेच हलले. इतकी वर्षं गिळलेला शब्द, त्याला बाहेरची वाट ठाऊक नव्हती. मग ती म्हणाली, "मानसिंग." अगदी हळू. आणि परत एकदा, जरा स्पष्ट, "मानसिंग. तुजं नाव मानसिंग हाय, बाळा."

म्हातारा रडायचा थांबला.

त्यांच्या चेहऱ्यात काय झालं ते मी बघितलं. आधी डोळे स्थिर झाले. मग जबडा घट्ट झाला. पाठ खुर्चीला टेकून सरळ झाली. मावशीच्या हातातला एक हात त्यांनी सोडवून घेतला आणि मिशीवरून फिरवला. मावशीचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, झालं, सुटलो आपण. म्हाताऱ्याने भिंतीवरची अक्षरं वाचली, तिच्याकडे बघितलं, मग तिच्या कानांकडे बघितलं. पदर जरा सरकला होता.

"कुनाचं नाव घेतीस?" ते म्हणाले.

मावशीला कळलं नाही. ती हसतच होती.

"कानवले, माजं नाव घेतीस? जीभ हासडून हातात दीन!" आणि त्यांनी तिच्या तोंडावर मारलं. उलट्या हाताने, जसं मालक मारतात तसं, जोर न लावता, सवयीने.

तिने त्यांना ते कोण आहेत हे सांगितलं होतं, आणि त्यांना ते पूर्ण आठवलं होतं.

मी त्यांचा हात धरला. मावशी म्हणाली, "सोड. सोड त्याला, लागंल." तिच्या ओठातून रक्त येत होतं आणि ती त्यांचा हात माझ्या हातातून सोडवत होती.

दुपारी घरचे परतले. आदिनाथराव दारातून आत आले तर म्हातारा कडक आवाजात म्हणाला, "आदिनाथ, कुटं उंडारला होता?" त्या घरात वर्षभरात पहिल्यांदा बापाने मुलाला नावाने हाक मारली. आदिनाथराव तिथेच खाली बसले आणि रडले. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. म्हाताऱ्याने केळीच्या बागेचं विचारलं, कोणती मोटार बंद आहे ते विचारलं, ड्रायव्हरला शिवी घातली, भाकरी मागून घेतली. आणि मग सगळ्यांसमोर सांगितलं, "ह्या कानवलीनं माजं नाव घेतलं. हाकला तिला."

मला वाटलं, आता तरी कोणाला तरी काही दिसेल. नाव घेतलं आणि म्हातारा मेला नाही, उलट अंथरुणातून उठून हिशोब विचारतोय, हे समोर होतं. कोणी शेंबडं पोरही सांगेल की दोन आणि दोन किती. पण वैजयंतीबाईंच्या तोंडचा रंग उडाला. त्या आत जाऊन देवापुढे दिवा लावून आल्या. आदिनाथराव डोळे पुसून उठले आणि मावशीला म्हणाले, "तुझ्यावर विश्वास टाकला होता, बजे. दादांना काही झालं तर बघ." मी त्यांच्याशी भांडलो, घसा ताणून भांडलो. म्हणालो, तुम्ही तिचं दूध प्यालेल्या माणसाची मुलं. ते म्हणाले, "तू रिक्षा काढ." मावशी पायऱ्या उतरून रिक्षात जाऊन बसली होती. मला फार राग आला, आणि खरं सांगतो, तो तिच्यावरही आला.

कुंभारीचा नाका गेल्यावर मावशी मागून म्हणाली, "भाकरी मागून खाल्ली, बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी म्हातारा परत सगळं विसरला. मला ते बुद्धप्रियाकडून कळलं. नाव गेलं, मुलगा गेला, मोटारी गेल्या. बजा तेवढी उरली, आणि बजा घरात नव्हती. त्यांनी अन्न टाकलं. कोणी चमचा पुढे केला की तोंड फिरवायचे. दाराकडे बघत बसायचे, म्हणे.

पुढच्या रविवारी आदिनाथरावांची गाडी आमच्या वस्तीवर आली. ते खाली उतरले नाहीत. काच अर्धी खाली करून त्यांनी मला बोलावलं. दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. म्हणाले, "दादा जेवत नाहीत. तिला सांग, ये म्हणावं." मग ते म्हणाले, "पण तोंड बांधून बसावं लागेल तिथं. घरातल्यांचं तसं ठरलंय."

मी म्हणालो, "ती नाही यायची."

मागे बघितलं तर मावशी चपला घालून उभी होती. मी तिला म्हणालो, "मावशे, नको जाऊस. तुला काही वाटतं का नाही? माणसाने किती खाली वाकावं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मी कुटं मानूस हाय? लेकरू उपाशी हाय रं. तू चल, रिक्षा काढ." मी काय करणार होतो? रिक्षा काढली.

बंगल्यात वैजयंतीबाईंनी कपाटातून कोरा नॅपकिन काढला. मावशीच्या मागे उभ्या राहून त्यांनी तो तिच्या तोंडावर बांधला, दोन गाठी मारल्या, आणि विचारलं, "घट्ट होत नाही ना?" मावशीने मान हलवली. मी दारापाशी उभा होतो. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "समजून घ्या हं. आमचाही नाइलाज आहे."

म्हातारा खुर्चीत अगदी वाळून गेला होता. मावशीला बघितल्यावर त्याने हात पुढे केला. "बजा, आलीस व्हय? तोंडाला काय झालं गं? दात दुकतोय?" तिने मान हलवली, हो. तिने भाकरी दुधात कुस्करली आणि घास घास भरवला. त्यांनी मुकाट्याने खाल्ला. आदिनाथराव दाराच्या चौकटीला धरून ते बघत होते. अर्धं ताट संपलं तेव्हा म्हाताऱ्याने तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं.

"बजा, माजं नाव काय गं?"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने मान हलवली, नाही.

"तुला बी ठावं न्हाय?"

नाही.

मला वाटलं, आता हे रडणार. पण त्यांचा चेहरा सैल पडला. किती तरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांतली भीती गेलेली मी बघितली. ते तिच्या जवळ झुकले आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले, "मग आपन दोगं सारकंच की."

त्यांनी ताटातला कोरडा भाकरीचा तुकडा उचलला, मोडून त्याचे दोन भाग केले, एक स्वतःच्या हातात ठेवला आणि दुसरा तिच्यापुढे धरला. त्या घरात मावशीचं ताट मागच्या पायरीवर, धुण्याच्या दगडाशी असे. त्यांच्या ताटातलं तिने कधी खाल्लं नव्हतं, आणि त्यांनी कधी दिलं नव्हतं. तिने दोन्ही हात पुढे करून तो तुकडा घेतला.

"खा की," म्हातारा म्हणाला.

तिने आदिनाथरावांकडे बघितलं, मग वैजयंतीबाईंकडे. दोघांपैकी कोणीच हललं नाही. मीही हललो नाही. नॅपकिनच्या दोन्ही गाठी मला मागून दिसत होत्या, आणि त्या सोडायला मला दोन पावलं टाकायला हवी होती. पण मी त्या गाठी सोडल्या असत्या तर उद्यापासून तिला दारात उभं केलं नसतं आणि म्हातारा पुन्हा उपाशी बसला असता. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं.

"खा की गं," म्हातारा परत म्हणाला. "भूक न्हाय व्हय तुला?"

मावशीने मान हलवली, नाही, आणि तुकडा हातात धरून बसून राहिली.

म्हाताऱ्याने आपला अर्धा तुकडा तोंडात घातला आणि तिच्या खाण्याची वाट बघत सावकाश चावायला लागला.